दिवाळीच्या पोस्तपलीकडे: रोजच्या कामाची दाद कशी द्यावी?

चौथा_मजला (पुणे)

नमस्कार मंडळी.

दरवर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीची बैठक होते आणि तीत रखवालदार, जिना झाडणाऱ्या मावशी, पाण्याची मोटर पाहणारे काका, पेपर टाकणारा मुलगा आणि कचरा नेणाऱ्या ताई यांना पोस्त किती द्यायची, हे ठरते. यंदा चिटणीस म्हणून ती यादी माझ्याकडे होती. रकमा ठरायला पाच मिनिटेही लागली नाहीत. पाकिटांवर नावे लिहायची वेळ आली, तेव्हा मात्र बैठकीतल्या नऊ जणांपैकी एकालाही कचरा नेणाऱ्या ताईंचे नाव सांगता येईना. त्या आमच्या इमारतीत अकरा वर्षे येत आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी खाली जाऊन उभा राहिलो. नाव विचारले, ते त्यांनी सांगितले आणि मी लिहून घेतले. मग ओशाळून विचारले की, यंदा सोसायटीने तुमच्यासाठी वेगळे काही करावे असे वाटते का? साडी, मिठाई, भांडे असे काहीतरी उत्तर येईल, असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "दादा, काच तेवढी कागदात गुंडाळून द्यायला सांगा सगळ्यांना." आणि त्यांनी उजव्या हाताचा तळवा पुढे केला. अंगठ्याच्या खाली एक लांब, पांढरट व्रण होता. फुटलेला ग्लास कोणीतरी भाजीच्या देठांबरोबर तसाच पिशवीत टाकला होता आणि ती पिशवी बहुधा आमच्याच इमारतीतली होती.

त्यानंतरची वीस मिनिटे मी त्यांचे काम पाहत उभा होतो, आणि अकरा वर्षांत मला जे कळले नव्हते ते तेवढ्यात कळले. आमच्या घरून कचरा उचलला की त्यांचे काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. पुठ्ठा, पांढरा कागद, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, काच, पत्रा हे सगळे वेगळे करून भंगारच्या दुकानात विकले जाते आणि दर महिन्याला घरटी मिळणाऱ्या शुल्काइतकाच त्या विक्रीचाही त्यांच्या संसाराला आधार असतो. आमटी सांडलेला कागद विकला जात नाही. म्हणजे आपण ओले आणि सुके एकत्र करतो तेव्हा त्यांचे कष्ट वाढतात आणि कमाई त्याच दिवशी घटते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर वेगळे गुंडाळून द्यावेत, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच म्हटलेले होते. गुंडाळीवर लाल ठिपका काढावा म्हणजे ती उघडून पाहावी लागत नाही, ही साधी गोष्ट पुण्यातल्या कचरावेचक किती वर्षांपासून सांगत आहेत. आमच्या बत्तीस घरांपैकी लाल ठिपका काढणारी घरे दोन होती.

त्या दिवसापासून एक विचार मनातून जात नाही. आपण दाद देतो ती माणसाच्या चांगुलपणाला देतो, त्याच्या कामाला देत नाही, कारण ते काम आपण पाहिलेलेच नसते. "फार कष्ट करतात हो बिचाऱ्या" या वाक्यात ताईंचे काम कुठेच नाही. काम ठाऊक नसेल तर मानलेले आभार त्यापर्यंत पोहोचतात तरी कसे?

म्हणून हा धागा काढतो आहे. ज्यांचे काम आपण अगदी जवळून पाहिले आहे अशा कोणाविषयी लिहावे: ते नेमके काय करतात, आणि कोणत्या प्रकारची दाद त्यांच्यापर्यंत खरोखर पोहोचली. पोस्त बंद करावी असे मी म्हणत नाही. ती द्यावीच, आणि हात आखडून देऊ नये.

मुक्काम_पोस्ट (सातारा)

फार चांगला विषय काढलात. मी मुक्कामी एसटीविषयी लिहितो.

आमचे गाव कोयनेच्या खोऱ्यात, रस्ता जिथे संपतो तिथे. माझ्या लहानपणी, म्हणजे 1980 च्या आगेमागे, तालुक्याहून शेवटची गाडी रात्री साडेआठला गावात येई, रात्रभर मारुतीच्या देवळासमोर उभी राहून पहाटे पावणेसहाला परत निघे. तिला आम्ही वस्तीची गाडी म्हणत असू. चालक आणि वाहक गाडीतच बाकांवर किंवा देवळाच्या ओसरीवर झोपत. त्यांच्या रात्रीच्या जेवणाची गावात पाळी ठरलेली होती. आज या आळीतून, उद्या त्या आळीतून भाकरी, कालवण आणि कांदा जात असे. कोणी ते आभार म्हणून देत नव्हते. गाडी आपल्यासाठी आली आहे, तेव्हा गाडीवरची माणसे आपली पाहुणी आहेत, इतकी सरळ समजूत होती. आमची पाळी असली की डबा घेऊन मी जात असे. कंदिलाच्या उजेडात वाहक तिकिटांचे गठ्ठे मोजून वेबिल लिहीत बसलेले असत, आणि हिशेब जुळेपर्यंत जेवणाला हात लावत नसत. एक रुपया कमी भरला तर तो त्यांच्या खिशातून जातो, हे मला तिथे कळले.

पहाटेच्या त्या गाडीने दूध जाई, कॉलेजची मुले जात, दवाखान्यात न्यायचे आजारी माणूस जाई. थंडीत डिझेलची गाडी सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून चालक पाच वाजताच उठून इंजिन गरम करीत. त्या आवाजाने अर्धे गाव जागे होई. माझ्या दहावीच्या वर्षी मी त्याच आवाजावर अभ्यासाला उठत होतो.

आता माझा नंतरचा अनुभव सांगतो, कारण आपण पोहोचलेल्या दादेविषयी विचारले आहे. काही वर्षांपूर्वी आई एकटीच एसटीने येत होती. घाटात दरड आल्यामुळे गाडी तीन तास अडकली. वाहकांनी स्वतःच्या मोबाइलवरून प्रत्येक वृद्ध प्रवाशाच्या घरी निरोप दिला, आईला तिच्या गोळ्यांची वेळ विचारली, पाणी मिळवून दिले, आणि रात्री अकराला स्थानकावर मी पोहोचेपर्यंत ते तिच्याजवळ उभे राहिले. त्यांची ड्यूटी त्याआधीच संपली होती. मी हात जोडले, त्यांनीही जोडले आणि ते निघून गेले. घरी आल्यावर मला वाटले की, माणसे एसटीच्या तक्रार पुस्तकात तावातावाने लिहितात, मग हे का लिहू नये? मी आगार व्यवस्थापकांना दीड पानाचे पत्र लिहिले. त्यात तारीख, मार्ग, गाडीचा क्रमांक, तिकिटाचा क्रमांक, वाहकांचा बिल्ला क्रमांक आणि त्यांनी कोणत्या वेळी काय केले, हे सगळे होते. विशेषण एकही घातले नाही.

पुढच्या वर्षी तेच वाहक मला त्याच मार्गावर भेटले. ते पत्र आगारातल्या फलकावर महिनाभर लावले होते आणि त्याची एक प्रत त्यांच्या सेवापुस्तकाला जोडली होती. त्यांनी मोबाइलमध्ये पत्राचा फोटो जपून ठेवला होता. ते म्हणाले, "सव्वीस वर्षांत माझ्या नावाचे जे कागद आगारात आले, ते सगळे खुलासा मागणारे होते. हा पहिलाच वेगळा."

तेव्हापासून मी असे पत्र लिहिण्याची सवय ठेवली आहे. तोंडी आभार त्या माणसाला मिळतात, पण त्याच्या वरिष्ठांना, सहकाऱ्यांना आणि घरच्यांना ते कधीच कळत नाहीत. कागद त्या सगळ्यांपर्यंत जातो.

पाणवठा

वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून लिहिलेले आहेत, हे मान्य करून थोडी वेगळी बाजू मांडतो.

माझे आजोबा आणि वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. आमच्या घरी दिवाळीला फराळ येत असे, तो बहुतेक वेळा भाऊबीज उलटून गेल्यावर, डब्याच्या तळाशी उरलेला. जुने कपडे येत, तेही बटणे काढून घेतलेले. देणारी माणसे दुष्ट नव्हती. आपण कौतुकच करतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माझी आई ते घेई, हसून घेई, कारण न घेतले तर "मस्ती आली" असे म्हटले गेले असते. बलुतेदारीच्या काळापासून आपल्याकडे देण्याला एक उतार आहे. वरून खाली येते त्याला बक्षीस म्हणतात, आणि ते घेणाऱ्याने वाकून घ्यायचे असते. आपण ज्याला दाद म्हणतो ती याच उतारावरून तर येत नाही ना, हे प्रत्येकाने आधी तपासावे. चहा देत असाल तर ते चांगले, पण तो कोणत्या कपात देता?

पुण्यात माझी आत्या कचरा वेचत असे. 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली आणि पुढे काही वर्षांनी आत्याला महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र मिळाले. त्याआधी पहाटे कुंडीजवळ उभे राहिले की संशयाने हटकले जाई, पोत्यात काय आहे ते ओतून दाखवावे लागे. ओळखपत्र मिळाले त्या दिवशी तिने ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवले आणि आमच्या घरी केवळ ते दाखवायला आली. घराच्या दारातून कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था त्यातूनच पुढे आली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून काम करू लागली. चौथा_मजला यांच्याकडे येणाऱ्या ताई कदाचित तिच्याच सभासद असतील.

आत्याच्या कामाचे तिच्या आयुष्यात झालेले सर्वांत मोठे कौतुक म्हणजे ते ओळखपत्र. तिच्या श्रमाला काम म्हटले गेले, त्याची नोंद झाली. महाराष्ट्रात डोक्यापाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी 1969 चा माथाडी कायदा झाला, त्यामुळे हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि हक्काची मजुरी मिळण्याचा मार्ग खुला झाला. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने 1974 मध्ये पुण्यात 'कष्टाची भाकर' सुरू केले, तिथे कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळते आणि ते तो स्वतःच्या पैशाने, मान ताठ ठेवून जेवतो. मला दाद म्हणून हे जास्त ओळखीचे वाटते. पत्रे आणि शुभेच्छा जरूर द्याव्यात, पण ज्याला महिन्याची रक्कम मिळण्यासाठी तीन वेळा दार वाजवावे लागते, त्याला त्यांचे काय?

चौथा_मजला (पुणे)

पाणवठा, आपण विचारलेल्या कपाच्या प्रश्नाचे खरे उत्तर देतो. आमच्या इमारतीत वीजमीटरच्या पेटीशेजारी एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला आहे. तो कोणी ठेवला, कधी ठेवला, हे कोणालाच सांगता येत नाही. मीही त्यातच चहा दिलेला आहे. आपण लिहिले नसते तर ते माझ्या लक्षातही आले नसते. महिन्याच्या शुल्काबाबतही आपले म्हणणे बरोबर आहे. आमची सात घरे ते वेळेवर देत नाहीत.

निळी_शाई (चंद्रपूर)

माझी आई गेली सोळा वर्षे आशा स्वयंसेविका आहे. मी तिचे काम सांगते, कारण गावात सगळे तिला आदराने आशाताई म्हणतात, तरी ती नेमके काय करते हे फार थोड्यांना माहीत आहे.

बाळ जन्मले की त्याच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत आईला त्या घरी सहा वेळा जावे लागते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट. प्रत्येक भेटीत ती हात धुऊन बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, काखेत थर्मामीटर लावते, घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजते, नाळ पाहते, बाळ अंगावर नीट पिते आहे का ते पाहते आणि सगळे तक्त्यात लिहिते. श्वास मिनिटाला साठच्या वर गेले तर ती तिथून हलत नाही, गाडीची सोय होईपर्यंत थांबते. या घरपोच नवजात बाळसेवेचा पाया आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात घातला गेला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून हे काम उभे केले आणि त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कमी शिकलेली बाई बाळाचे श्वास बिनचूक मोजू शकते, हे त्या कामाने जगाला दाखवले.

2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक सन्मान केला. आईला ती बातमी मी वाचून दाखवली. तिने पुन्हा एकदा वाचायला लावली, हे मी लपवत नाही. तिला खरोखर आनंद झाला होता. त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मात्र याच महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या होत्या आणि आईही त्यांत होती. आशांना मिळतो तो मोबदला, अंगणवाडी सेविकांना मिळते ते मानधन. पगार हा शब्द दोघींच्याही वाट्याला आलेला नाही. ज्या शब्दात मान आधी आणि धन नंतर येते, त्या शब्दाने धनाची जागा मानाने भरून काढली, असे मला अनेकदा वाटते. त्यामुळे पाणवठा यांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

तरीही एक प्रसंग सांगते. आईने तीन वर्षांपूर्वी एका बाळाचे वेगाने चाललेले श्वास ओळखून त्याला रात्री ग्रामीण रुग्णालयात पोहोचवले होते. त्या बाळाची आजी दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नातवाला घेऊन आमच्या घरी येते. येताना काही आणत नाही. नातवाला आईसमोर उभे करते आणि म्हणते, "मोज आता याचे श्वास." आई खरोखर घड्याळ काढते आणि मोजते. मोबदला वेळेवर आला असता तरी या भेटीची जागा त्याने घेतली नसती, आणि या भेटीने मोबदल्याची जागा कधी घेतली नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा, असे मला वाटते.

सोनचाफा (नाशिक)

घरातल्या कामाविषयी थोडेसे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, आपल्या घरचे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे आणि पुरुषांचा 97 मिनिटे वेळ जातो, असे आढळले. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत एकच होते.

माझ्या घरी माझे कौतुक होत नाही असे नाही. "तुझ्यासारखी पुरणपोळी कोणालाच जमत नाही" हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे आणि आधी त्याने फुलून जात असे. पुढे लक्षात आले की, त्या वाक्यामुळेच घरातल्या दुसऱ्या कोणी पुरण वाटायला शिकले नाही. स्तुतीने काम माझ्या नावावर कायमचे लावून टाकले होते. दोन वर्षांपूर्वी मुलगा होळीच्या आदल्या रात्री म्हणाला, "डाळ मी शिजवतो, कट किती काढायचा ते सांग." त्याने पहिल्यांदा काढलेला कट पातळ झाला आणि पुरण सैल राहिले. पोळ्या फुटल्या. त्या रात्री तो ओट्यावर हात टेकून म्हणाला, "आई, तू हे दरवर्षी तीस पोळ्यांचे एकटी करत होतीस?" इतक्या वर्षांतली मला मिळालेली खरी दाद ती.

मांडवी (पणजी)

आम्हां गोमंतकीयांच्या तोंडी आभारासाठी "देव बरें करूं" हे शब्द येतात. मराठीतल्या धन्यवादापेक्षा मला ते अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांत ऐकणाऱ्यासाठी काही मागितलेले असते, आणि आपल्या माणसाला ते म्हटले तर त्याला परके केल्यासारखे होत नाही. मराठी घरांत "आभार कसले मानता" म्हणून माणूस जो अवघडतो, तो इथे अवघडत नाही.

आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे आणि संध्याकाळी सायकलचा भोंपू वाजवत येतो आणि फाटकाला टांगलेल्या पिशवीत उंडे (गोल पाव) ठेवून जातो. त्याच्याशी माझे रोजचे बोलणे दोन वाक्यांचे असते. एकदा त्याने सांगितले की, सकाळच्या फेरीत सुट्टे पैसे तयार ठेवणारी घरे असली की शेवटच्या घरापर्यंत पाव गरम पोहोचतो. तेव्हापासून मी पिशवीत मोजून नाणी ठेवते. चौथा_मजला यांच्या ताईंनी काच गुंडाळायला सांगितली, ते वाचून मला हेच आठवले.

रुळांची_सावली (रत्नागिरी)

माझे वडील कोकण रेल्वेवर ट्रॅकमन होते. आता निवृत्त आहेत. त्यांच्या कामाची अडचण अशी की, ते नीट झाले तर कोणाला दिसतच नाही.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागते आणि गाड्या सावकाश चालतात, हे प्रवाशांना ठाऊक असते. गाडी उशिरा पोहोचते म्हणून त्यावर नाराजीही असते. त्या दिवसांत डोंगर कापून काढलेल्या भागांत रात्रभर पायी गस्त असते, हे कमी जणांना ठाऊक आहे. वडील रेनकोट घालून, एका हातात हातबत्ती, पाठीवर पिशवी, पिशवीत झेंडे आणि रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन निघत. ठरलेला पल्ला चालून जायचे, पलीकडच्या गस्तवाल्याला भेटायचे, परत यायचे. कातळ सुटला आहे का, पाणी रुळाखालची खडी वाहून नेत आहे का, झाड कलले आहे का, हे त्या उजेडाच्या वर्तुळात दिसेल तेवढेच पाहायचे. 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये आंबवली येथे झालेले अपघात आमच्या घरात कधीही मोठ्याने बोलले गेले नाहीत. त्या दोन पावसाळ्यांनंतर वडील घरून निघताना आई दारात जास्त वेळ उभी राहू लागली, एवढे मला आठवते.

गाडी येताना दिसली की वडील रुळापासून बाजूला उभे राहत आणि बत्तीचा उजेड आपल्या नंबरच्या पाटीवर धरत, म्हणजे मार्ग ठीक आहे आणि गस्तवाला जागेवर आहे, हे चालकाला कळे. चालक शिटी देई. गाडीतली हजारभर माणसे झोपलेली असत. वडील सांगतात की, नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांना सर्वांत जास्त सोबत त्या शिटीची वाटली. नियमाने वाजवायची शिटी आणि मनाने वाजवलेली शिटी यांतला फरक त्यांना ऐकू येत असे. एक चालक होते, ते भर पावसात खिडकी उघडून हात बाहेर काढत. त्या दोघांची समोरासमोर भेट कधीच झाली नाही.

मुक्काम_पोस्ट यांचे वाचून मी ठरवले आहे की, येत्या पावसाळ्यात प्रवास झाला की गस्त घालणाऱ्यांसाठी रेल्वेला पत्र लिहायचे. बिल्ला क्रमांक मला मिळणार नाही, पण तारीख, गाडी आणि कोणत्या दोन स्थानकांमध्ये उजेड दिसला, एवढे तर लिहिता येईल. तेवढ्यावरून त्या रात्री तिथे कोण होते, हे त्यांना काढता येते.

साता_समुद्रापार (इंग्लंड)

मी मूळची मिरजेची, इथे परिचारिका आहे. 2020 मध्ये 22 मार्चला भारतात लोकांनी संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवल्या, आणि चारच दिवसांनी इथे दर गुरुवारी रात्री आठला टाळ्या सुरू झाल्या. त्या दहा गुरुवार चालल्या. पहिल्या गुरुवारी मी रस्त्यात उभी राहून रडले. आठव्या गुरुवारी मी वॉर्डात होते आणि माणसे कमी असल्यामुळे सलग नऊ तास बसले नव्हते. तेव्हा टाळ्या ऐकू आल्या, पण पहिल्या वेळेसारखे काही वाटले नाही.

त्या काळातली एकच वस्तू मी जपून ठेवली आहे. एका रुग्णाच्या मुलीने पाठवलेले ते कार्ड आहे. तिने लिहिले होते की, वडिलांना दर दोन तासांनी कूस बदलून दिल्यामुळे त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही, हे तिच्या लक्षात आले आहे. ते तिने कुठून जाणून घेतले, कोणाला विचारले, कोण जाणे.

चौथा_मजला (पुणे)

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि काल सर्वसाधारण सभेत त्यांतले काही नावे न घेता वाचूनही दाखवले. पोस्त यंदा घरटी पन्नास रुपयांनी वाढवली. पाकिटांवर सर्वांची पूर्ण नावे आहेत. कचऱ्याचे शुल्क यापुढे सोसायटी स्वतः देखभाल खर्चाबरोबर गोळा करील आणि पाच तारखेच्या आत एकरकमी देईल, असा ठराव झाला. त्याला दोन घरांचा विरोध होता, तो नोंदवून घेतला. मीटरजवळचा पेला काढला. चहा आता घरातल्याच कपातून जातो, आणि ज्यांच्याकडून पहिला गेला त्या तळमजल्यावरच्या आजींनी ताईंबरोबर पायरीवर बसून स्वतःही घेतला.

काचेसाठी जिन्याखाली वेगळे खोके ठेवले आहे. ओले-सुके अजून सहा घरांत एकत्रच होते. मी दर रविवारी त्या घरी जातो आहे. आज सकाळी ताई म्हणाल्या की, आमच्या इमारतीचे वर्गीकरण अर्ध्या तासात आटोपले आणि त्या मुलीच्या शाळेच्या पालकसभेला वेळेवर पोहोचल्या. मुक्काम_पोस्ट यांच्या सल्ल्याप्रमाणे ताईंच्या संस्थेला पत्र लिहायला घेतले आहे. त्यात काय काय लिहायचे, हे आता मला माहीत आहे.

सोनचाफा (नाशिक)

एक व्यवहाराची शंका. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळली तरी बाहेरून कागदाचा बोळाच दिसतो आणि ती कोणी दाबून पाहिली तर? आपल्याकडे काय ठरले आहे?

चौथा_मजला (पुणे)

हा प्रश्न मी ताईंनाच विचारला होता. त्यांनी सांगितले ते असे: जाड कागदाचे तीन-चार थर द्यावेत, वरून दोरा बांधावा, आणि बाहेरच्या बाजूला स्केचपेनने मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहावे. ती गुंडाळी पिशवीत न टाकता खोक्यात किंवा थेट त्यांच्या हातात द्यावी, आणि देताना तोंडानेही सांगावे.